मा मेर ए मोर्त

सुंदराबाईची गोष्ट सांगायची तर देव्हाऱ्यापासूनच सांगावी लागते, कारण तिचा दिवस तिथून सुरू व्हायचा आणि तिथंच येऊन टेकायचा. सुरतेच्या उधन्यातल्या एका खोलीच्या घरात देव्हारा असून असणार केवढा? भिंतीत ठोकलेली फळी, फळीवर वणीच्या सप्तशृंगीची तसबीर, बाळकृष्ण आणि पितळेची निरांजनी. बाहेर लूमचा, यंत्रमागांचा खडखडाट चोवीस तास चालू. सुंदराबाई म्हणायची, "देवी गडवर ऱ्हास, तिले वारा ऐकानी सवय शे. हाई बी वाराच."

तिचे नेम काही कमी नव्हते. दिवा लागल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. मंगळवार उपास. उंबऱ्याला हळदकुंकू. पण सगळ्यांत जड नेम तिने प्लेगाच्या साली घेतला होता, आणि तो ताटाचा नव्हता, जिभेचा होता.

त्या भादव्यात अख्खी सुरत पळत सुटली तेव्हा सुंदराबाई, तिचा नवरा हेमराज आणि मुलगी गायत्री हेही अमळनेरची गाडी धरायला उधना स्टेशनवर उभे होते. गायत्रीच्या अंगात ताप. डब्यात तिचा खोकला ऐकला आणि माणसं अशी बाजूला सरकली की त्या गर्दीत या तिघांना पाय पसरून बसायला जागा झाली. कोणी म्हणालं, उतरवा हिला. सुंदराबाईने पोरीचं तोंड स्वतःच्या पदरात घेतलं, तिचा श्वास आपल्या छातीवर घेतला, आणि मनात म्हणाली, आई, पोर वाचव, मी जन्मात खोटं बोलणार नाही. ताप साधाच निघाला. गावी गेल्यावर चार काढ्यांनी उतरला. पण नेम तो नेम. तेव्हापासून भाजीवाल्यालासुद्धा ती "कालचीच आहे माझ्याकडे" असं खोटं सांगत नसे.

दिवाळी झाली, लोक परतले, लूम पुन्हा चालू झाले. गायत्रीने कॉलेजबरोबर फ्रेंचचा क्लास लावला. महिधरपुऱ्यात हिऱ्याचं एक ऑफिस होतं, त्यांचा सगळा व्यवहार बेल्जियममधल्या अँटवर्पशी. तिथं फ्रेंच येणारी मुलगी हवी होती. पहिली परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट आणलं की जागा पक्की, असं तिला सांगितलं होतं. परीक्षा अहमदाबादला, मे महिन्यात. लिहायची, ऐकायची आणि तोंडी. क्लास नानपुऱ्यात, खोर्शेदबाई नावाच्या वयस्क पारशी बाईंच्या घरी.

घरात टेपरेकॉर्डर आला. सकाळी दिवा लागायचा आणि गायत्री कॅसेट लावायची. बाजेच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला सुंदराबाई साड्यांचा गठ्ठा घेऊन. विणताना साडीच्या उलट्या अंगाला सुटे धागे राहतात, ते छोट्या कातरीने कापायचे, हे तिचं काम. उधन्यात अर्ध्या घरांतून बायका हेच करतात. त्याला सगळे धागाकटिंग म्हणतात. कातर चालायची कचकच आणि पोरगी घशातून 'र' काढायची.

शेजारची लीलाबाई दारातून डोकावून लेकीवरून चिडवायची. "काय व सुंदरा, तुन्ही आंडेर शिकी ऱ्हायनी का घसा खाकरी ऱ्हायनी?"

"शिकी ऱ्हायनी. त्या भाषामा 'र' घसामा ऱ्हास."

"मंग मन्हा दमेकरी सासराले ती भाषा आपसूकच येस!"

तोंडी परीक्षेत आधी स्वतःची ओळख करून द्यायची असते. गायत्रीने ती पाठ केली होती. ज मापेल गायत्री, माझं नाव गायत्री. जाबीत आ सुरात, मी सुरतेत राहते. मों पेर ए तँजेनियर, माझे वडील इंजिनीअर आहेत. हे कळल्यावर हेमराज, जो लूमवर बारा तास उभा असायचा, खूश होऊन मांडीवर थाप मारत म्हणाला, "माले इंजिनेर करी टाकं पोरनी! सेठले समजनं ते माले बसाले खुर्ची दी!"

"खोटं शे ते," सुंदराबाई हळूच म्हणाली.

"अगं माय, परीक्षेत लूमला शब्द कुठून आणू? पुस्तकात डॉक्टर, इंजिनीअर, शिक्षक एवढेच आहेत," गायत्री म्हणाली. ती घरात अशीच बोलायची, शाळेतली मराठी, मध्येच गुजराती.

पुढचं वाक्य होतं, मा मेर ए मोर्त.

सुंदराबाईची कातर थांबली. "मा म्हंजे माय ना व? हाई मन्हावर शे?"

गायत्रीने कॅसेट बंद केली, पुन्हा लावली. "हं."

"आनि मोर? मी मोर शे का?"

पोरगी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. "हो माय. माझी माय मोरासारखी आहे."

आता सांगा, असं ऐकल्यावर कोणत्या बाईचा ऊर भरून येणार नाही? उभ्या आयुष्यात तिला कोणी मोर म्हटलं नव्हतं. हेमराज फार लाडात आला तर 'सुंदरे' म्हणायचा, तेही जेवण चांगलं झालं तर. त्या संध्याकाळी तिने देवीपुढं पदर पसरला आणि नवा नेम घेतला. पोरीचा निकाल लागेपर्यंत रोज दिवा लावून, पाणी पिण्याआधी, हे वाक्य देवीला ऐकवायचं. पोरीच्या जिभेवर सरस्वती बसावी म्हणून आईने आपल्या जिभेवर ती भाषा घ्यायची.

गायत्रीने दुसऱ्या दिवशी ऐकलं तेव्हा ती गडबडलीच. "माय, हे नको. बोंजूर घे ना. सोपं आहे. नमस्कार असा अर्थ आहे त्याचा, देवीला चालेल."

"नेम घेतला शे, बेटा. बदलता येस नही."

"पण उच्चार चुकतोय तुझा."

"मंग शिकाड."

गायत्रीने शिकवलं नाही. पण सुंदराबाई कॅसेटवरच्या बाईचं ऐकून ऐकून शिकली. माघ गेला, फाल्गुन गेला. रोज पहाटे निरांजनीच्या उजेडात मऊ आवाजात, हात जोडून, डोळे मिटून ती म्हणायची, मा मेर ए मोर्त. लीलाबाई भिंतीपलीकडून ओरडायची, "बोलना तुन्हा मोर! उठा रे, सकाळ झाली!"

चैत्री पौर्णिमेला गल्लीतली माणसं गडावर जाऊन आली. सुंदराबाईने प्रसाद मागवला होता, नारळाचा तुकडा, पेढा आणि देवीच्या पायाचं कुंकू, खोर्शेदबाईंसाठी. विद्या देणाऱ्या हाताला प्रसाद पोचला पाहिजे. गायत्री म्हणाली, मी नेते. पण पुडी फळीवरच राहिली. आज विसरले, उद्या नेते. पेढा वाळायला लागला तेव्हा सुंदराबाईने ठरवलं, पोरीच्या डोक्याला परीक्षेचा ताप, आपणच जाऊन येऊ. गायत्री कॉलेजात असताना तिने इस्त्रीची साडी नेसली, शटल रिक्षात बसली आणि विचारत विचारत नानपुऱ्यात पोचली.

पारशी घर तिने कधी आतून पाहिलं नव्हतं. उंबऱ्याशी चुन्याच्या ठशांची रांगोळी, दाराला तोरण, आणि आत कोपऱ्यात काचेच्या पेल्यात तेवणारा दिवा. तिला बरं वाटलं. ज्या घरात दिवा आहे तिथं विद्या वाया जाणार नाही.

खोर्शेदबाई झग्यावर चष्मा लटकवून बाहेर आल्या. "आवो, आवो. कोन?"

सुंदराबाईने वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. आधी वाक्य, मग ओळख. गुरूपुढं जाताना रिकाम्या तोंडाने जाऊ नये. तिने पुडी पुढं केली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि देवीपुढं म्हणते तसंच म्हणाली, "मा मेर ए मोर्त."

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पुढं होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अरेरे. क्यारे?"

"काय क्यारे?"

"तमारां मा. क्यारे गुजरी गयां?"

सुंदराबाई गोंधळली. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तापीकाठच्या गावी, गायत्री पाळण्यात असताना. ती आपल्या मोडक्या गुजरातीत म्हणाली, "घणां वरस थई गया. पण तमने कोणे कीधुं?"

"तमे ज तो कीधुं हमणां! मारी मा मरी गई, एम." बाई हसल्या, मग पुन्हा गंभीर झाल्या. "सरस बोल्यां तमे. गायत्रीए शिखवाड्युं ने? ए बिचारी पण रोज ए ज बोले. तमे एनां कोण? मासी?"

तिला गायत्रीची मावशी समजून बाई बोलतच राहिल्या. त्या गुजरातीतला शब्द न् शब्द सुंदराबाईला कळत होता, आणि प्रत्येक शब्द कळतोय याचंच तिला भय वाटत होतं. क्लासमध्ये बाकीच्या मुली सांगतात, माझी आई डॉक्टर, माझी आई शिक्षिका, माझी आई घर सांभाळते. घर सांभाळणारीलाही सुंदर शब्द आहे, पहिल्याच धड्यात शिकवलाय. ही एकटी म्हणते, माझी आई वारली. छातीत कसंतरी होतं हो. गेल्या भादव्यात, प्लेगमध्ये गेली ना? मी म्हटलं, डीकरी, परीक्षेत असं दुःखाचं सांगू नये, दुसरं काही सांग. तर म्हणते, मिस, खरं आहे तेच सांगणार.

काचेच्या पेल्यातली वात जरा चरचरली.

सुंदराबाईला वाटलं, एकच शब्द बोलायचा आहे. मीच आई. एवढं म्हटलं की झालं. खरं बोलायचा तर तिचा नेमच होता, आणि तो याच पोरीच्या श्वासासाठी घेतलेला. पण ते म्हटलं की या घरात, या दिव्यापुढं, पोरगी काय ठरणार? परीक्षा तोंडावर आलेली. बाई तिला पुन्हा दारात उभी करतील का?

"हा," ती म्हणाली. "मासी छुं."

परत येताना रिक्षा कुठून कुठं वळली ते तिला कळलं नाही. मनात एकच घोळत होतं. पोरीने आईला मारलं, आणि आईने तिथं उभं राहून, हो हो, मेलीच ती, अशी साक्ष दिली. संध्याकाळी धागे कापताना कातर सुट्या धाग्याऐवजी विणीत शिरली आणि साडीला भोक पडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मऊ माणसं रागावतात तेव्हा घरात आवाज वाढत नाही, कमी होतो. गायत्रीला ते जाणवलंही नाही. ती किंमत विचारायची वाक्यं पाठ करत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुंदराबाई देवीपुढं बसली. दिवा लावला. आता अर्थ माहीत होता. नेम मोडावा तर अपशकुन पोरीच्या परीक्षेला, पाळावा तर आपल्याच तोंडाने आपलं मरण. शेवटी तिला सुचलं, माझी आई तर खरीच गेलेली आहे. माझ्या तोंडी हे वाक्य खोटं नाही. पोरीच्या तोंडी आहे. असं मनाला समजावून तिने डोळे मिटले आणि म्हणाली. उच्चार आता अगदी स्वच्छ यायचा. भिंतीपलीकडून लीलाबाई म्हणाली, "आज मोर रडका बोलना व!"

मग आखाजी आली, अक्षय्य तृतीया.

खान्देशात आखाजी म्हणजे गेलेल्यांचा सण आणि माहेरवाशिणींचाही. झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि घरात पितरांची घागर भरतात. उधन्यात झोक्याला झाड नव्हतं, पण घागर होती. सुंदराबाईने कोऱ्या घागरीत पाणी भरलं, वर छोटं मडकं, मडक्यावर सांजोरी आणि आंबा. पुरणपोळी, आमरस केला. वाटीभर निखारे पुढं घेऊन ती बसली. तूप लावलेला एकेक घास निखाऱ्यावर ठेवायचा आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं, असा रिवाज. हेमराज टोपी घालून शेजारी, गायत्री मागं उभी.

सासऱ्यांचा घास. सासूबाईंचा. आपल्या आईचा. घास चुर्र करून जळत होते, तुपाचा धूर वर जात होता. नेहमी इथं संपायचं. सुंदराबाईने आणखी एक घास मोडला, त्याला तूप लावलं.

"हा कोणाचा?" गायत्रीने विचारलं.

"गायत्रीनी मायना," सुंदराबाई म्हणाली. "पिलेगमा गयी बिचारी."

हेमराज चमकला. "काय बोली ऱ्हायनी तू? सणासुदीले?"

"इचार तुन्ही आंडेरले. ती त्या भाषामा रोज बोलस. मी बी रोज बोलस, देवीपुढे."

गायत्री खाली बसली. आधी म्हणाली, कोणी सांगितलं? मग म्हणाली, माय, तू तिथं गेलीस? आणि मग तिला एकदम रडू फुटलं. पहिल्याच दिवशी सगळ्या आपापल्या आईचं सांगत होत्या. एकीच्या आईचा अठवा लाईन्सला दवाखाना, एकीची आई प्रोफेसर. "माझी पाळी आली तर मला धागाकटिंगला शब्दच येईना. तो पुस्तकातच नाही, माय."

"घर सांभाळनारीले शब्द शे. पहिल्या धडामा. तुन्ही बाईनी सांगं माले."

हेमराज घागरीकडे बघत बसला होता. तो म्हणाला, "आनि माले इंजिनेर करं तिनी," पण या वेळी मांडीवर थाप नव्हती.

"एकदा तोंडातून गेलं ते गेलं," गायत्री डोळे पुसत म्हणाली. "मग बाई म्हणायला लागल्या, तुला घरी कोण करून घालणार, जेवून जा. केसांना तेल लावून द्यायच्या. सांगणार होते मी. पण परत कसं घेणार?"

सुंदराबाई एवढंच म्हणाली, "तू ते खादं?"

"माय..."

"मन्हं तेरावं जेवनी तू."

आवाज चढलाच नाही. लूमच्या खडखडाटात तो शेजारच्या खोलीतही गेला नसेल. गायत्रीने मात्र कानांवर हात घेतले.

चौथा घास सुंदराबाईच्या बोटांत होता. तिने तो निखाऱ्यावर ठेवला नाही. जित्या माणसाचा घास आगीत घालत नाहीत, एवढं शास्त्र तिला माहीत होतं. तो तिने ताटाच्या कडेला ठेवून दिला. सगळ्यांची जेवणं झाली तरी तो तिथंच होता. दुपारी त्याला मुंग्या लागल्या.

परीक्षेच्या दिवशी गायत्री पहाटे नाहून पुढं आली आणि तिने उजवा तळवा पसरला. सुंदराबाईने त्यावर दही-साखर घातली. पोरगी पाया पडायला वाकली तेव्हा ती दोन पावलं मागं सरली आणि देव्हाऱ्याकडे बोट केलं. "तिन्हा पाया पड. तिनी वाचाडं तुले."

"माय, मी आज ते वाक्य म्हणणार नाही. शपथ."

"शपथ नको लेऊ. एक माले पाळता नही उनी."

गायत्रीला ते कळलं नाही. मासीची गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती, आणि सुंदराबाई सांगणारही नव्हती. हेमराजने पिशवी उचलली. बापलेक अहमदाबादच्या गाडीला गेले. सुंदराबाईने दिवा लावून आपला नेम पुरा केला. तिच्या जिभेने एकही अक्षर गाळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं परतली. गायत्रीचा चेहरा उजळला होता. पेपर सोपा गेला. तोंडी तर फारच सोपी. समोर एक गोरा साहेब होता, हसरा. बाजेच्या कडेला बसून ती भराभर सांगू लागली, पाणीसुद्धा न पिता. बाजारात टोमॅटो कसे किलो, स्टेशन कुठं आहे, गाडी किती वाजता सुटते, आज हवा कशी आहे.

"आनि मायबद्दल काय इचारं?" सुंदराबाईने विचारलं. कातर चालूच होती.

गायत्री थांबली. "नाही विचारलं."

"काहीच नही?"

"नाव विचारलं. राहतेस कुठं. बस. घरच्यांचं काहीच नाही."

सुंदराबाईने साडी उलटली, नवा धागा धरला. "म्हंजे मी फुकटनी मरनी."

हेमराज मोरीकडे तोंड धुवायला गेला, तो बराच वेळ तिकडंच राहिला.

"बाईले खरं सांगं का तू?"

"निकाल लागू दे, माय. निकाल लागला की नक्की सांगते. आत्ता सांगितलं तर..." गायत्रीने वाक्य सोडून दिलं.

सुंदराबाईने मान हलवली. तिला हे उत्तर आधीच माहीत होतं, तरी विचारायचं राहवलं नव्हतं. मग तिने कातर खाली ठेवली आणि पोरीकडे नीट पाहिलं, स्टेशनवर तापलेल्या तोंडाकडे पाहिलं होतं तसं.

"निकाल लागेपावोत मन्हा नेम शे. वाक्य बोलनंच पडी. पन ते नही बोलाव मी आते. गायत्रीनी माय जित्ती शे, हाई त्या भाषामा कसं बोलतस? तेवढं शिकाड."

गायत्रीने तोंड उघडलं. ओठ हलले, भुवया जवळ आल्या. तिने पिशवीतून पुस्तक काढलं, मागची पानं चाळली, पुन्हा पुढची. तिला येत असतं तर तिने तिथल्या तिथं सांगितलं असतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"माय," ती शेवटी म्हणाली, "तो शब्द आमच्या पुस्तकात आला नाही अजून."

दुसऱ्या दिवशी पहाटे निरांजनी लागली. उंबऱ्याला हळदकुंकू झालं. सुंदराबाई देवीपुढं बसली, हात जोडले, डोळे मिटले, आणि वाक्याच्या जागी नुसती बसून राहिली. पाण्याचा तांब्या शेजारी भरलेला होता. तो तिने तोंडाला लावला नाही. बाजेवर पोरगी पांघरुणात जागी होती, श्वास रोखून ऐकत होती.

भिंतीपलीकडून लीलाबाईने आवाज दिला. "काय व सुंदरा, आज तुन्हा मोर बोलना नही?"

"उडी गया, बैन," सुंदराबाई म्हणाली.